शंभर तास मुरवा

भाऊबीजेला बहीण आली, बहिणीबरोबर पुण्यात नोकरी करणारा भाचा आला आणि भाच्याबरोबर एक डबी आली. डबी उघडण्याआधी त्याने मला हात धुऊन यायला लावलं. आमच्या खानदेशात एवढं सोवळं फक्त कानबाईच्या रोटांना पाळतात. पण ही बाबही कानाचीच होती, म्हणून मी मुकाट्याने धुऊन आलो.

डबीत हरभऱ्याएवढे दोन इअरफोन, वेणी घातल्यासारखी वायर, लहान-मध्यम-मोठ्या मापांची रबरी बोंडं आणि एक धातूची पट्टी होती. त्या पट्टीवर ज्वारीच्या दाण्याएवढ्या नळ्यांच्या तीन जोड्या पेच मारून बसवल्या होत्या. प्रत्येक नळीच्या तोंडाला जाळी. "मामा, हे फिल्टर," भाचा म्हणाला. "रुपेरी लावले की सगळं समसमान. काळे लावले की खर्ज वाढतो. लाल लावले की वरचे स्वर उघडतात. बदलून बदलून बघायचं आणि आपल्या कानाला जुळेल ते ठेवायचं."

मी शाळेत विज्ञान शिकवतो. त्यामुळे एखादी गोष्ट कळली नाही असं म्हणायची सोय मला उरलेली नाही. मी मान डोलावली आणि इअरफोन कानाकडे नेला. भाच्याने माझा हात वरच्यावर पकडला.

"लगेच नाही! लगेच मत बनवू नका. आधी शंभर तास बर्न-इन करा."

कोपऱ्यात चकलीशी झटत बसलेल्या मायने विचारलं, ते काय असतं. भाच्याने शब्दशः सांगितलं, म्हणजे जाळून घ्यायचं.

"नवी वस्तू चुल्हामा घालस का कोनी?" माय म्हणाली.

मग त्याने नीट समजावलं. आत पातळ पडदा असतो, नवा असताना तो ताठ असतो, शंभर तास सतत आवाज वाजवला की सैल होतो आणि मग खरा सूर लागतो. मायला हे चटकन पटलं. नवं खापर आणलं की ते पाण्यात भिजवायचं, तेल लावायचं, मंद आचेवर तापवायचं आणि पहिले दोन मांडे फाटले तरी सुनेला बोल लावायचा नाही, हे शास्त्र तिला पाठ आहे. तिच्या मते गोष्ट सरळ होती, वस्तू मुरवायची होती. मलाही हा शब्द बर्न-इनपेक्षा बरा वाटला. लोणचं मुरतं, जोडा मुरतो, नवरा मुरतो. इअरफोनने काय घोडं मारलंय?

आता शंभर तास म्हणजे चार दिवस आणि चार तास. एवढा वेळ वाजवायचं काय? त्यासाठी भाचा एक खास आवाज फोनमध्ये घालून गेला. त्याला गुलाबी गोंगाट म्हणतात. खालच्या सप्तकापासून वरच्या सप्तकापर्यंत प्रत्येकाला सारखीच ऊर्जा वाटून दिलेला हा आवाज ऐकायला पत्र्यावर कोसळणाऱ्या पावसासारखा लागतो. जुना फोन चार्जरला लावला, इअरफोन जोडले आणि धूळ बसू नये म्हणून ते शेवेच्या रिकाम्या स्टीलच्या डब्यात ठेवून कपाटावर चढवले.

स्टीलचा डबा ही काय चीज आहे, हे मला विज्ञानाच्या पुस्तकात कधी भेटलं नव्हतं. पहाटे साडेचारला मायचा आवाज आला, "नळ ऊना, नळ ऊना!" आमच्याकडे नळाला पाणी रोज येत नाही, त्यामुळे ही हाक ऐकून झोपेत कुणी विचार करत नाही. बायको दोन बादल्या घेऊन, मुलगी हंडा घेऊन आणि मी पाइप घेऊन अंगणात पोचलो. नळ कोरडा. पाण्याची धार मात्र घरात कुठेतरी सुरूच होती. शेवटी मुलीने कपाटाकडे बोट दाखवलं. त्या सकाळी चहा मला उशिरा मिळाला आणि सोबत बरंच काही मिळालं.

तरीही मी नेटाने वही घातली. दर दहा तासांनी एकच गाणं ऐकायचं आणि फरक टिपून ठेवायचा. ती वही अजून आहे. दहा तास : खर्ज आखडलेला. वीस तास : खर्ज किंचित सैल, पण बाईंचा आवाज अजून लांबून. चाळीस तास : तबल्याची चाट मोकळी. साठ तास : गाण्यावरचा पडदा सरकला, वाद्यं आपापल्या जागी जाऊन बसली. हे शेवटचं वाक्य लिहिताना माझ्या अंगावर काटा आला होता. पुढे कळलं की चाळिसाव्या तासानंतर बायकोने चार्जर स्वतःच्या फोनला लावला होता. माय उगाच बादल्या हलवते, तिची कंबर धरेल, असं तिचं म्हणणं. जुना फोन तासाभरात मान टाकून गप्प झाला होता. मी दर वेळी यायचो, इअरफोन माझ्या फोनला लावून ऐकायचो आणि पुन्हा मुक्या डब्यात ठेवायचो. म्हणजे वाद्यं आपापल्या जागी जाऊन बसली ती त्या शांततेत.

हे कळल्यावर माझ्यातला मास्तर जागा झाला. पडदा थोडा सैल होतो हे खोटं नाही. पण मोजणाऱ्यांच्या यंत्रांना तो फरक सापडतो इतकाच. इअरफोन कानातून काढून पुन्हा घातला की एवढासा तिरका बसतो, त्याने आवाज त्याहून जास्त बदलतो. फिल्टरचं मात्र तसं नाही, तिथे खरोखर काम चालतं. आपल्या कानाची नळी साधारण अडीच सेंटिमीटर लांब, एका टोकाला पडद्याने बंद. अशी नळी मुळातच 3000 हर्ट्झच्या आसपासचे स्वर फुगवते. तान्ह्या पोराचं रडणं आपल्याला कुठूनही ऐकू येतं त्यामागे हा फुगवटाही आहे. कानात बोंड कोंबलं की नळी दोन्ही टोकांना बंद होते, उरलेली जागा आखूड होते आणि फुगवटा वर 8000 च्या घरात सरकतो. तिथे 'स' राहतो. मग गायिका चांगली असली तरी प्रत्येक 'स'ला कुणीतरी शिट्टी मारल्यासारखी वाटते. फिल्टरची बारीक जाळी हवेच्या या उड्या रोखते. दाट जाळी म्हणजे जास्त अडथळा, म्हणजे वरचे स्वर गरीब. विरळ जाळी म्हणजे मोकळं रान. बास. आणि खर्ज? तो जातो फटीतून. बोंड कानात घट्ट बसलं नाही तर कसलाही फिल्टर लावा, खर्ज बाहेर निघून जातो. तीन जोड्या फिल्टर आणि शंभर तास यांच्या नादात मी चुकीच्या मापाचं बोंड लावून बसलो होतो, हे मला महिनाभराने मुलीने सांगितलं. ते बदलल्यावर एका मिनिटात जो फरक पडला त्यासाठी वहीत जागाच उरली नव्हती.

मार्गशीर्षात दत्तजयंतीला सारंगखेड्याला गेलो. तापीच्या काठावरची ती घोड्यांची यात्रा आम्ही लहानपणापासून पाहतो, पण या वेळी माझं लक्ष वेगळीकडे होतं. मारवाडी घोड्याचे कान आत वळलेले असतात, टोकाला टोक भिडतं, आणि गिऱ्हाईक आधी तेच बघतं. मग अंगावरचे भोवरे मोजतात. कुठला शुभ, कुठला धन्याला खाणारा, कुठल्यामुळे भाव पडतो. फेटेवाले जाणकार एका केसाच्या वळणावरून तासभर वाद घालतात आणि घोडा बिचारा कान एक इकडे, एक तिकडे फिरवत उभा असतो. मला एकदम घरच्यासारखं वाटलं. भाचा आणि त्याचे मित्र फिल्टरांबद्दल बोलतात ते असंच. फरक इतकाच की सारंगखेड्यात व्यवहार झाल्यावर निदान घरी घोडा येतो.

त्याच हिवाळ्यात काही कामाने नवापूरला जाणं झालं. नवापूरचं रेल्वे स्टेशन निम्मं महाराष्ट्रात आणि निम्मं गुजरातेत आहे, आणि तिथल्या एका बाकावरून हद्दीची रेघ जाते. डावा-उजवा आवाज वेगळा येतो का हे तपासायला याहून योग्य जागा भारतात नसेल. मी रेघेवर नेम धरून बसलो, एक कान महाराष्ट्रात आणि एक गुजरातेत ठेवून. कुठला कुठे, ते तुम्ही कुणीकडे तोंड करून बसता त्यावर. लाल फिल्टर लावले होते. बासरी सुरू झाली न झाली तोच स्टेशनच्या भोंग्याने गाडीची वेळ सांगायला घेतली, एकामागून एक भाषेत. बाहेरचा आवाज बोंड अडवतं म्हणतात, पण आपल्या रेल्वेच्या भोंग्यापुढे ते नम्र होतं. परतीच्या गाडीत मात्र एक गोष्ट शिकलो. डब्याची घरघर गाण्यातला खर्ज गिळून टाकते. दोन्ही एकाच पट्टीतले, आणि गाडी जास्त जोरात गाते. म्हणून गाडीत काळे फिल्टर लावावेत. पण हलत्या डब्यात ज्वारीच्या दाण्याएवढा पेच फिरवण्यासाठी घड्याळजीचे हात हवेत. खांडबारा सोडल्यापासून नंदुरबार येईपर्यंत माझा एकच कान बदलून झाला.

घरी आलो तर माय उन्हात बसून तिच्या कानाचं मशीन साफ करत होती. दोन वर्षांपूर्वी तिला ते बसवलं. मी तिच्या शेजारी बसलो आणि प्रथमच नीट पाहिलं. मशीनच्या तोंडाशी एक पांढरी टाचणीच्या डोक्याएवढी जाळी होती. मायने डबीतून छोटी काडी काढली, तिच्या एका टोकाने जुनी जाळी उचकटली, काडी फिरवून दुसऱ्या टोकाने नवी दाबून बसवली आणि काडी फेकून दिली. चष्मा न लावता, दहा सेकंदांत. कानातला मळ आत जाऊ नये म्हणून ही जाळी, तिने सांगितलं. मळाने बुजली की मशीन मुकं होतं आणि लोक उगाच बॅटरी बदलतात.

मग मी वाचायला बसलो आणि माझा सगळा तोरा उतरला. हे सगळं प्रकरण मुळात बहिऱ्यांच्या दुकानातून आलेलं. मीड किलियन नावाचा अमेरिकेतला माणूस आधी श्रवणयंत्रांसाठी बारीक स्पीकर बनवणाऱ्या नोल्स कंपनीत कामाला होता. 1983 मध्ये त्याने एटिमॉटिक ही स्वतःची कंपनी काढली आणि 1991 मध्ये कानाच्या आत घालायचा ईआर-4 इअरफोन आणला. सुरेल ऐकण्यासाठी कानाच्या नळीत शिरणाऱ्या इअरफोनांचं घराणं तिथून सुरू होतं. त्यात हिरवी जाळी असे. या जाळ्यांचे रंग मौजेसाठी नसतात. हवेला किती अडवायचं त्यानुसार पांढरी, तपकिरी, हिरवी, लाल असं ठरलेलं आहे, आणि ही रंगवाटणी श्रवणयंत्रांच्या कामातूनच आली. पुढे 2011 मध्ये एकेजी कंपनीने के 3003 मध्ये फिरवून बदलायचे तीन फिल्टर दिले आणि शौकिनांच्या हाती स्क्रू आला. म्हणजे भाचा पुण्यात मित्रांना ज्या गोष्टीची ऐट दाखवतो ती माझी माय सकाळी तुळशीला पाणी घालण्याआधी उरकते.

"पहिल्यांदा घातलं तेव्हा कसं वाटलं होतं?" मी विचारलं.

तिने जे सांगितलं ते मला तेव्हा कुणी सांगितलंच नव्हतं. पहिले पंधरा दिवस तिला ते फेकून द्यावंसं वाटे. भांडी आपटल्यासारखी वाजत, कागद चुरगळला की डोक्यात भाजल्यासारखं होई, स्वतःचाच आवाज पिंपात बोलल्यासारखा येई, आणि सून स्वयंपाकघरात स्वतःशी काय बोलते तेही कळू लागलं. मशीन बसवणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं, रोज थोडं थोडं लावा, महिन्या-दीड महिन्यात आवाज चांगला होईल. तो झालाही.

"म्हणजे मशीन मुरलं," मी म्हणालो.

"मशीन नही मुरनं," माय म्हणाली, "मीच मुरनू."

मी वही मिटली. लगेच नाही, पण संध्याकाळी.

होळीला शाळेतल्या सहकाऱ्यांबरोबर अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीला गेलो. काठीची राजवाडी होळी पहाटे पेटते आणि रात्रभर सातपुड्याच्या कानाकोपऱ्यातून माणसं येत राहतात. अंगावर नक्षी काढलेले, डोक्यावर मोरपिसांचे टोप चढवलेले, कमरेला घुंगरं आणि वाळलेले भोपळे बांधलेले बुध्या, आणि थोरले ढोल. थंडीत कातडं सैल पडलं की वाद्य जाळाजवळ धरायचं, तळव्याने एक थाप मारायची, मान हलवायची, परत शेकायचं. दुसरी थाप पडली की माणूस उठतो आणि नाचणाऱ्यांत शिरतो. कुणी दहा-दहा तासांच्या नोंदी ठेवत नाही. नवापूरकडचे पावरीवाले तर त्याहून पुढचे. वाळका भोपळा, बांबूच्या नळ्या आणि जोड बुजवायला मेण. फट राहिली तर सूर जातो, हे त्यांना माझ्या आधी कळलेलं. माझ्या इअरफोनमध्येही मेण होतंच, पण ते माझ्या कानातून आलेलं आणि जाळी बुजवणारं. डाव्या बाजूचा आवाज फाल्गुनात "अधिक उबदार" झाला होता त्याचं कारण हे. उबदारपणा मी टाचणीने काढून टाकला.

काठीचे ढोल छातीत ऐकू येतात, कानाला त्यात फारसं काम नसतं. तिथून परत आलो आणि आमच्या गल्लीत लग्नसराई सुरू झाली. नियमाप्रमाणे वस्तीत दिवसा 55 डेसिबल आवाजाची मर्यादा आहे. आमच्याकडच्या वरातीत तेवढा आवाज डीजेची गाडी मागे घेताना होतो. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, 80 डेसिबलचा आवाज आठवड्याला चाळीस तासांपर्यंत चालेल. वरातीने तो हिशेब पहिल्याच चौकात चुकता केला. त्या आठवड्यात मी रुपेरी फिल्टर लावून, गाणं न लावता, नुसतेच इअरफोन घालून झोपलो. आजवरचा सर्वांत सुंदर आवाज त्यांनी मला तेव्हा दिला. मायने फक्त मशीन काढून डबीत ठेवलं आणि कूस बदलली.

आणि मग मिरचीचा दिवस आला.

नंदुरबारात मिरचीपासून कुणाची सुटका नाही. हिवाळाभर गावाबाहेरच्या पथारींवर मैलभर लाल चादर पसरलेली असते आणि वारा गावाकडे वळला की साऱ्या गावाला एकदम ठसका लागतो. होळीनंतर घरोघरी वर्षाच्या तिखटाची तयारी. आम्ही लाली आणि फापडा मिळून आठ किलो आणली. अंगणात चटई टाकून सगळे देठ खुडायला बसलो. तास-दीड तास झाला असेल. वेळ जावा म्हणून मी कानात गाणं लावलं होतं. एक ठुमरी सुरू झाली आणि मला वाटलं, ही लाल फिल्टरवर ऐकली पाहिजे. खिशातून पट्टी काढली, रुपेरी नळ्या फिरवून काढल्या, लाल बसवल्या, रबरी बोंड बोटांनी चिमटून नीट केलं आणि खोलवर घातलं.

पहिला सेकंद काही नाही. दुसऱ्या सेकंदाला वाटलं, वा, काय उघडा आवाज आहे. तिसऱ्याला वाटलं, जरा जास्तच उघडा आहे. चौथ्या सेकंदाला मी अंगणभर नाचत होतो. भाच्याचा तो इंग्रजी शब्द किती अचूक आहे हे मला त्या क्षणी समजलं. शंभर तास लागत नाहीत, नंदुरबारची मिरची असेल तर चार सेकंद पुरतात. मुलगी पाणी घेऊन धावली. तिला थांबवायला मी शुद्धीवर होतो, कारण मिरचीतला जाळ पाण्यात विरघळत नाही, तो स्निग्ध पदार्थात विरघळतो, हे आठवीच्या वर्गाला मीच सांगत असतो. बायकोने कानाच्या पाळीला तूप चोळलं आणि विचारलं, "वरचे स्वर उघडले का?"

या धावपळीत इअरफोन चटईवर पडले. उचलून पाहतो तर उजव्याच्या तोंडाला फिल्टर नाही. आठ किलो लाल मिरचीत ज्वारीच्या दाण्याएवढी लाल नळी. आम्ही अर्धा ढीग चाळला, उन्हं कलली, गिरणीवाल्याने मसाल्याची पाळी चारची दिली होती. बायको म्हणाली, "वर्षाचं तिखट महत्त्वाचं की तुमची खुंटी?" प्रश्नात उत्तर होतं. पोतं डंक्यावर गेलं.

भाच्याचा फोन आला तेव्हा मी सगळं सांगितलं नाही. लाल फिल्टर गेला एवढंच बोललो. आता डाव्या कानात लाल आणि उजव्यात रुपेरी लावून ऐकतो म्हणालो. तो हळहळला. दोन्ही बाजूंना सारखेच फिल्टर हवेत, नाहीतर गाणं एका अंगाला कलंडतं, असं काय काय सांगत राहिला. फोन मोठ्याने लावला होता. ताटावर बसलेल्या पाहुण्यांनी तेवढ्यात शेवभाजीचा घास घेतला आणि डोळे पुसत म्हणाले, यंदाचं तुमचं तिखट जरा तीक्ष्ण लागतंय. मी आणि बायकोने एकमेकांकडे पाहिलं नाही. यंदाच्या तिखटात ट्रेबल जास्त आहे, त्याला इलाज नाही.

मायने मशीनवर हात ठेवून भाच्याचं सगळं नीट ऐकून घेतलं होतं. एका कानात एक, दुसऱ्यात दुसरं, एवढं तिला समजलं.

"मंग नवापूरना बाकवर बसीसन ऐक," ती म्हणाली.